खोली रिकामी, पण चावी कुणाकडे?

मुलीचं लग्न ठरलं, की बाप सगळ्यांत आधी मंगल कार्यालय गाठतो. तिथल्या टेबलावर एक जाडजूड वही असते. प्रत्येक तारखेला एक पान, पानावर सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने. मॅनेजर पान उलटतात, चष्म्यावरून पाहतात आणि विचारतात, “नक्की ना? की सध्या पेन्सिलीनं लिहून ठेवू?” पेन्सिलीनं लिहिलं म्हणजे तारीख चार दिवस तुमच्यासाठी राखून ठेवली. आगाऊ रक्कम भरली, की तेच नाव शाईनं पक्कं होतं. चार दिवसांत फिरकला नाहीत, तर खोडरबर!

या साध्या वहीत केवढं शहाणपण भरलेलं आहे, हे कळायला हल्लीच्या इंजिनीअरिंगच्या मुलांना बरेचदा अख्खं सेमिस्टर लागतं. कारण सध्या कॉलेजाकॉलेजांतून विद्यार्थ्यांच्या टीमना एक प्रोजेक्ट फार आवडतो. तो म्हणजे, कॅम्पसवरची खोली मोबाईलवरून आरक्षित करण्याचं ॲप. ऐकायला अगदी सोपं. खोल्यांची यादी द्यायची, तारीख-वेळ निवडायची, बटण दाबायचं, झालं! प्रत्यक्षात मात्र या प्रोजेक्टच्या पोटात शिरलं, की मुलांची गाठ संगणकाशी कमी आणि माणसांशी जास्त पडते.

पाच वाजल्यानंतरचं कॉलेज

ही गोष्ट पाहायला रायपूरइतकी सोयीची जागा नाही. छत्तीसगडच्या या राजधानीत चौबे कॉलोनी नावाची जुनी वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखात मराठी माणसं आली, स्थिरावली. पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्तानं आणखी आली. १९३५ साली स्थापन झालेलं रायपूरचं महाराष्ट्र मंडळ याच चौबे कॉलोनीत आहे. गणपती, नाटक, हळदीकुंकू, व्याख्यान यांतलं काहीही करायचं, तर आधी जागा मिळवावी लागते, हे इथल्या मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

कॉलोनीतून बाहेर पडून जी. ई. रोड धरला, की थोड्याच अंतरावर शिक्षणसंस्थांची रांग लागते. १९५६ साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली, ते खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज. तेच २००५ साली एनआयटी झालं. त्याच्या शेजारी सायन्स कॉलेज, पुढे १९६४ सालचं पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ. याच पट्ट्यात २०१८ साली चोवीस तास उघडी राहणारी ‘नालंदा परिसर’ ही अभ्यासिका सुरू झाली. स्पर्धापरीक्षेच्या मुलांना निवांत बसायला एक खुर्ची मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे या एका वास्तूवरून समजतं. भाड्याच्या खोलीत तिघं-तिघं राहणाऱ्या मुलांना घरी अभ्यास करता येत नाही. गटानं चर्चा करायची असेल तर मुळीच नाही.

देशातल्या कुठल्याही कॉलेजात संध्याकाळी पाचनंतर फेरी मारली, तर एक गमतीदार चित्र दिसतं. वर्गामागून वर्ग कुलूपबंद आणि जिन्याच्या पायऱ्यांवर, कॅन्टीनच्या कट्ट्यावर मुलांचे घोळके. नाटकाची तालीम पार्किंगमध्ये, रोबोटिक्सवाल्यांची मीटिंग झाडाखाली. जागा नाही म्हणून नव्हे, तर जागा कुणाकडे मागायची हे ठाऊक नाही म्हणून! ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांना मात्र पंखा-प्रोजेक्टरसकट हॉल मिळतो. कारण त्यांची सीनियर मंडळी ‘बडे बाबूं’ना ओळखतात.

समजा, चौबे कॉलोनीत राहणारी एक मराठी मुलगी अशा टीममध्ये आहे. तिच्याबरोबर भिलाईहून लोकलनं येणारा एक, नागपूरचा एक आणि बस्तरहून आलेली, होस्टेलवर राहणारी एक. चौघांनी मिळून हे ॲप करायचं ठरवलं, तर त्यांच्यापुढे काय काय येईल? कॉलेज कुठलंही असो, जवळपास सगळ्याच टीमना याच वाटेनं जावं लागतं.

एका खोलीची चार रूपं

पहिली चूक सर्वांची ठरलेली. मुलं लगेच लॅपटॉप उघडतात आणि पडद्यावर बटणं कुठे, रंग कोणता, यावर वाद घालतात. दोन आठवडे असे जातात. मग कुणीतरी विचारतं, “आपल्या कॉलेजात खोल्या आहेत तरी किती?” आणि सगळे गप्प!

खरं काम तिथून सुरू होतं. वही-पेन घेऊन मजल्यामजल्यावर फिरायचं. आठवड्याभरात टीमच्या ध्यानात येतं, की एकाच खोलीची चार रूपं असतात. एक टाइमटेबलातली खोली. तिथे मंगळवारी तीन ते चार लेक्चर छापलेलं असतं. दुसरी ऑफिसच्या रजिस्टरातली. त्यात कार्यशाळेसाठी ती तीन दिवस दिलेली असते. तिसरी बडे बाबूंच्या डोक्यातली. ‘ती खोली सहसा देत नाही, तिथला पंखा सरांनी स्वतः लावून घेतला आहे,’ ही माहिती कुठेच लिहिलेली नसते. आणि चौथी प्रत्यक्षातली खोली, जिच्या निम्म्या बाकांचे पाय मोडलेले असतात आणि प्रोजेक्टर कधीच दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

नावांचाही असाच घोळ. एकच सभागृह कागदोपत्री ‘व्याख्यानकक्ष क्रमांक दोन’, मुलांच्या तोंडी ‘एसी हॉल’ आणि शिपायाच्या भाषेत ‘पुराना वाला हॉल’. ॲपमध्ये यांतलं कुठलं नाव घालायचं? बरोबर उत्तर आहे, सगळी! मुख्य नाव एक, पण शोधताना तिन्ही नावांनी ती खोली सापडली पाहिजे.

मग यादी तयार होते. खोली कुठल्या मजल्यावर, किती माणसं बसतात, फळा आहे की पडदा, चालू प्लग किती, रॅम्प आहे का, चावी कुणाकडे. यांतला रॅम्पचा रकाना बहुतेक टीम विसरतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, तरी तिसऱ्या मजल्यावर मीटिंग ठेवताना व्हीलचेअरवरच्या वर्गमित्राची आठवण कुणाला होत नाही. ॲपनं ‘तळमजला’ एवढा एक पर्याय दिला, तर ती आठवण आपोआप होते.

आणि चावीचा रकाना? तो तर सर्वांत महत्त्वाचा. कारण मोबाईलवर ‘आरक्षण यशस्वी’ अशी हिरवी खूण आली म्हणून कुलूप उघडत नाही. चावीचा जुडगा ज्यांच्या कमरेला, ते शिपाईकाका संध्याकाळी सहाला घरी जातात. त्यांना आरक्षण कळलंच नाही, तर वीस मुलं हिरवी खूण बघत दारात उभी राहतील. म्हणून शहाणी टीम शिपाईकाकांना ॲप डाउनलोड करायला सांगत नाही. रोज दुपारी चार वाजता आज संध्याकाळी उघडायच्या खोल्यांची एक यादी निघेल आणि ती चावीच्या फळ्याशेजारी लागेल, अशी सोय करते. एक कागद! पण त्या कागदावाचून सगळा खटाटोप फुकट.

चार ते सहा, पाच ते सात

आता थोडं गणिताकडे. गणित म्हटलं तरी घाबरायचं कारण नाही, सातवीतल्या मुलालाही कळेल असं ते आहे.

एकाला खोली चार ते सहा हवी, दुसऱ्याला पाच ते सात. दोघांची टक्कर होते, हे डोळ्यांना दिसतं. पण संगणकाला डोळे नसतात, त्याला नियम सांगावा लागतो. नवखी मुलं नियम लिहितात, ‘दोन्ही आरक्षणांची सुरुवातीची वेळ एकच असेल, तर नकार द्या.’ साहजिकच, चार आणि पाच या वेगळ्या वेळा असल्यानं संगणक दोघांनाही होकार देतो आणि दारात भांडण जुंपतं.

योग्य नियम एका वाक्याचा आहे. पहिल्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाआधी आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटाआधी होत असेल, तर टक्कर आहे. चार ते सहा आणि पाच ते सात यांना तो लावून पाहावा. चार हे सातच्या आधी, पाच हे सहाच्या आधी. दोन्ही अटी खऱ्या, म्हणजे टक्कर. आता चार ते सहा आणि सहा ते आठ घ्या. चार हे आठच्या आधी आहे, पण सहा हे सहाच्या आधी नाही. म्हणजे टक्कर नाही. एक गट उठला, की दुसरा बसला.

पण खरंच तसं होतं का? इथे पुन्हा मंगल कार्यालयाची वही आठवावी. सकाळचं लग्न आणि संध्याकाळचं रिसेप्शन यांच्या मध्ये तासभर मोकळा का ठेवतात? पंगती उठायच्या असतात, केर काढायचा असतो, कुणाची तरी पर्स राहिलेली असते. कॉलेजच्या खोलीलाही अशी दहा-पंधरा मिनिटं लागतात. फळा पुसायला, बाकं जागेवर लावायला, तालमीचं सामान आवरायला. ती मिनिटं ॲपनं स्वतःहून जोडली नाहीत, तर प्रत्येक गट पुढच्याची दहा मिनिटं खातो आणि रात्री आठच्या गटाला खोली साडेआठला मिळते.

दोन बोटं, एक बटण

याहून अवघड पेच पुढे आहे. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आधीचा आठवडा. मोठा हॉल एकच. दोन गटांची दोन मुलं आपापल्या मोबाईलवर एकाच क्षणी पाहतात, हॉल रिकामा! दोघंही एकाच सेकंदाला बटण दाबतात. ॲप पहिल्यासाठी विचारतं, ‘रिकामा आहे का?’ उत्तर, हो. दुसऱ्यासाठी विचारतं, ‘रिकामा आहे का?’ अजून काही लिहिलेलं नाही, म्हणून उत्तर पुन्हा हो. मग दोघांचीही नावं लिहिली जातात.

कार्यालयाच्या वहीत हे का होत नाही? कारण वही एक, पेन एक आणि मॅनेजर एक. ते पाहतात आणि लिहितात, मध्ये कुणी घुसू शकत नाही. संगणकालाही हेच शिकवावं लागतं. पाहणं आणि लिहिणं ही दोन कामं नव्हेत, एकच काम. ते पूर्ण होईपर्यंत दुसऱ्यानं रांगेत थांबायचं. या विषयाची पुस्तकं यालाच ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात.

हा पेच जगात सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर भेडसावला तो विमान कंपन्यांना. एकच सीट दोन शहरांतल्या दोन प्रवाशांना विकली जायची. त्यातूनच अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण पद्धत उभारली. १९६४ साली ती पूर्णपणे कामाला लागली. आपल्याकडे रेल्वेनं संगणकावर आरक्षण १९८५ साली नवी दिल्लीत सुरू केलं. त्याआधी गाडीगाडीची रजिस्टरं असत आणि ज्या गाडीचं तिकीट हवं, त्या गाडीच्याच खिडकीपुढे रांग लावावी लागे. ज्यांनी त्या रांगेत दिवस काढले, त्या आजोबांना घरबसल्या तिकीट मिळण्याचं अप्रूप अजून आहे. इंटरनेटवरून रेल्वेचं तिकीट काढण्याची सोय ऑगस्ट २००२ मध्ये आली.

तेव्हा चार विद्यार्थ्यांचं छोटंसं ॲप आणि मुंबई-हावडा मार्गावरची गाडी यांच्यापुढचा प्रश्न मुळात एकच आहे. फरक फक्त आकाराचा.

आधी येईल त्याला?

इथवर पोहोचलेली टीम खूष असते. टक्कर मिटली, दुहेरी नोंद मिटली. आता काय उरलं? ‘जो आधी येईल त्याला खोली’ एवढं लिहिलं की झालं!

पण हा नियम दिसतो तितका निष्पाप नाही. सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी एखादा चलाख गट उठतो आणि चार महिन्यांचे सगळे शुक्रवार अडवून ठेवतो. लागला तर वापरू, नाहीतर राहू दे! बस्तरहून आलेली पहिल्या वर्षाची मुलगी, जिला तीन मैत्रिणींबरोबर गणिताचा राहिलेला पेपर सोडवायचा आहे, ती ऑक्टोबरात ॲप उघडते तेव्हा सगळं लालेलाल. शुक्रवारी संध्याकाळी तीच खोली काळोखी आणि रिकामी असते, ही गोष्ट निराळी. पूर्वी तिला बडे बाबू ‘नाही’ म्हणायचे, आता मोबाईल म्हणतो. तिच्या दृष्टीनं बदललं काय?

रेल्वेलाही हा धडा घ्यावा लागला. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता येत असे. फार आधी काढलेली तिकिटं मोठ्या संख्येनं रद्द होतात, काही प्रवासी तर न रद्द करताच गैरहजर राहतात, असं दिसल्यावर १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आणली गेली. तत्काळ तिकिटांवर पहिल्याच मिनिटाला झडप घालणाऱ्यांना आवरण्यासाठी १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी आवश्यक झाली. सांगायचं तात्पर्य, आरक्षणाचा नियम एकदा लिहून संपत नाही. माणसं त्यातून पळवाट काढतात आणि नियमाला त्यांच्यामागे धावावं लागतं.

छत्तीसगडनं तर याहून गंभीर रूपात हा प्रश्न पाहिला आहे. मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. १८ ते ४४ वर्षांच्या लोकांना लस खुली झाली होती, पण साठा अपुरा. ‘कोविन’वर वेळ घ्यायची तर हातात स्मार्टफोन हवा, वेगवान इंटरनेट हवं. शहरातली तरबेज मुलं क्षणात स्लॉट पकडायची. काहींनी तर जागा रिकामी होताच कळवणारे प्रोग्रॅम लिहिले होते. ज्याच्याकडे फोनच नाही, त्यानं काय करायचं? छत्तीसगड सरकारनं त्या महिन्यात ‘सीजी टीका’ हे स्वतःचं पोर्टल काढलं. ज्यांना स्वतः नोंदणी करता येत नाही, त्यांना मदत मिळावी हाही त्यामागचा एक हेतू होता. २४ मे रोजी केंद्रानंही या वयोगटाला सरकारी लसीकरण केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयानं त्याच सुमारास, केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबलं तर मोठा वर्ग मागे राहील, अशी चिंता बोलून दाखवली होती.

लस आणि कॉलेजची खोली यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरंच. पण तत्त्व तेच. कमी असलेली वस्तू वाटायची झाली, की वाटण्याची पद्धतच ठरवते, कुणाला मिळणार आणि कुणाला नाही. बटणाचा रंग ठरवणं सोपं असतं. हे ठरवणं अवघड.

मग टीम काय करू शकते? पुष्कळ काही. दोन आठवड्यांहून पुढचं आरक्षण बंद. एका गटाला आठवड्यात दोनच वेळा मोठा हॉल. पंधरा मिनिटांत कुणी येऊन ‘आलो’ असं नोंदवलं नाही, तर खोली पुन्हा खुली. तीनदा गैरहजर राहिलात, तर महिनाभर विश्रांती. काही छोट्या खोल्या क्लबांना न देता फक्त अभ्यासगटांसाठी राखीव. आणि मंगल कार्यालयाची ती पेन्सिल! सरांची सही यायची आहे, तोवर नोंद कच्ची. ठरल्या मुदतीत सही आली नाही, तर ती आपोआप पुसली जाते आणि पुढच्याचा नंबर लागतो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा डेटा संपला आहे, त्यांच्यासाठी ऑफिसच्या खिडकीवरूनही तीच नोंद करता आली पाहिजे. दोन वह्या नकोत. खिडकी दोन असोत, वही एकच.

कागदाचा मोबाईल

नियम ठरले, आता पडदे. इथे एक जुनी आणि स्वस्त युक्ती कामी येते. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापायचे आणि त्यांवर ॲपचा एकेक पडदा पेन्सिलीनं काढायचा. समोरच्याला सांगायचं, ‘उद्या संध्याकाळी पाच जणांसाठी खोली हवी आहे, घे बघू.’ तो ज्या चौकोनावर बोट ठेवील, त्याप्रमाणे टीमनं पुढचा पुठ्ठा ठेवायचा. मध्ये बोलायचं मात्र नाही. ही अट पाळणं मुलांना सर्वांत जड जातं. ‘अरे, तिथे नाही, वर बघ!’ हे वाक्य जिभेवर आलं, की समजावं, पडदा चुकला आहे, माणूस नाही.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं, की अवघ्या पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक ढोबळ चुका उघड्या पडतात. मात्र हे पाच जण कोण, हे महत्त्वाचं. टीम आपल्याच वर्गातल्या पाच दोस्तांना बसवते आणि सगळे शाबासकी देतात. त्याऐवजी एक बडे बाबू, एक शिपाईकाका, एक मॅडम, एक पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आणि घरातली आजी बसवून पाहावी. आजी कशाला? तर ती पहिल्या पुठ्ठ्यावरच विचारते, “हे ‘सबमिट’ म्हणजे काय गं? आणि चुकून दाबलं तर परत कसं यायचं?” रद्द करण्याचा पर्याय टीमनं ठेवलेलाच नसतो!

बडे बाबूंचा अनुभव वेगळाच असतो. सुरुवातीला ते हात बांधून बसतात. आपलं रजिस्टर काढून घ्यायला ही पोरं आली आहेत, असं त्यांना वाटतं आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. पण त्यांना विचारलं, “बाबूजी, परीक्षेच्या दिवसांत खोल्यांचं काय करता?” की ते फुलतात. परीक्षा लागली की सगळी आरक्षणं कशी मोडावी लागतात, विद्यापीठाचं पत्र आदल्या दिवशी कसं येतं, निवडणूक आली की वर्गात मतदानकेंद्र कसं होतं, हे सगळं ते सांगतात. यातली एकही गोष्ट मुलांच्या आराखड्यात नसते. वीस वर्षांचं ज्ञान त्या माणसाकडे असतं आणि आजवर कुणी विचारलेलं नसतं. बाबू विरोधात गेले तर ॲप महिनाभर टिकत नाही, आणि बाबू सोबत आले तर ते त्यांचंही होतं.

दारावर नाव नको

एक गोष्ट टीममधल्या मुलींच्या आधी लक्षात येते. ॲपमध्ये सगळ्यांना सगळं दिसावं, ही मुलांची हौस. कुठली खोली, किती ते किती, कुणाच्या नावावर, फोन नंबर काय. पारदर्शकता! पण रात्री आठला कुठली मुलगी कुठल्या मजल्यावर, कितीजणींबरोबर आहे, हे अख्ख्या कॉलेजला कळायची गरज काय? इतरांना फक्त ‘आरक्षित’ एवढाच शब्द दिसावा, नाव-नंबर ऑफिस आणि सुरक्षारक्षकापुरते राहावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेनं संमत केला. पण या बाबतीत कायद्याआधी व्यवहारज्ञान पुरतं. घराबाहेर ‘आम्ही गावाला गेलो आहोत’ अशी पाटी कुणी लावत नाही.

मुलं पास होतात, ॲप मागे राहतं

एवढं सगळं नीट झालं, तरी शेवटचा धोका उरतोच. आपल्याकडे प्रोजेक्टचं आयुष्य ठरलेलं असतं. काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीत सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट, बाहेरच्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा, मार्क आणि कपाट! टीम पुण्या-बंगळुरूला नोकरीला जाते. पासवर्ड एकाच्याच मोबाईलमध्ये असतो. पुढच्या जूनमध्ये नवं टाइमटेबल येतं, ते ॲपमध्ये भरायचं कसं हे कुणालाच ठाऊक नसतं. चुकीची माहिती दाखवणारं ॲप नसण्यापेक्षा वाईट. आठवड्याभरात सगळे पुन्हा रजिस्टरकडे वळतात.

हे टाळता येतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. पवईच्या आयआयटीत ‘इन्स्टीॲप’ नावाचं ॲप विद्यार्थ्यांनीच घडवलं. मेसमध्ये आज काय आहे, कॅम्पसवर कुठला कार्यक्रम कुठे आहे, अमुक इमारत नकाशावर कुठे आहे, हे सगळं त्यात एका ठिकाणी मिळतं. त्याचा कोड खुला ठेवलेला आहे. त्यामुळे एक तुकडी पास होऊन गेली, तरी पुढची तुकडी तो वाचून काम उचलू शकते. रुरकीच्या आयआयटीतही संस्थेच्या वेबसाइटचं आणि अंतर्गत ऑनलाइन सेवांचं काम विद्यार्थ्यांचाच एक गट सांभाळत आला आहे. दोन्हीकडे गुपित एकच. काम एका बुद्धिमान मुलाच्या डोक्यात नाही, गटाच्या वहीत आहे. सीनियर जाण्याआधी ज्युनिअरला हाताशी धरतो.

म्हणून ॲप पुरं झालं का, हे मार्कांवरून ठरवू नये. टीमनं नसताना पुढच्या जूनमध्ये कुणीतरी नवं टाइमटेबल बिनचूक भरलं, तरच ते पुरं झालं. त्यासाठी लिहावे लागणारे चार साध्या हिंदीतले कागद कुणाला आवडत नाहीत. पण खरं इंजिनीअरिंग तेच. आणि कित्येकदा वेगळ्या ॲपचीही गरज नसते. कुठल्याही फोनवर उघडणारं एक साधं वेबपेज पुरतं. कमी भपका, कमी बिघाड.

घरच्यांना यातलं काय दिसतं? मुलगी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर, पुठ्ठे कापून घर भरलेलं, फोनवर टीमशी भांडण. ‘परीक्षेचा अभ्यास सोडून हे काय?’ असं आईला वाटणं स्वाभाविक आहे. पण नोकरी देणारे मुलाखतीत मार्कांनंतर हेच विचारतात, की तू केलेली वस्तू कुणी वापरली का, आणि बिघडली तेव्हा तू काय केलंस? चार जणांनी मिळून काम वाटून घेणं, एकानं कोड, एकीनं पडदे, एकानं ऑफिसशी बोलणं, एकीनं चुका शोधणं, आणि चौथा आळस करतो म्हणून तिघांनी न चिडता मार्ग काढणं, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. ते कोचिंग क्लासातही विकत मिळत नाही.

अशा टीममधली चौबे कॉलोनीतली मुलगी एखाद्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमाला आजीबरोबर गेली, तर तिनं सभागृहाच्या नोंदणीची पद्धत जरूर विचारून घ्यावी. कच्ची नोंद, पक्की नोंद, दोन कार्यक्रमांमधला मोकळा तास, रद्द केलं तर काय, कुणाला आधी. सहा महिने ज्यांच्याशी झटापट केली, त्या सगळ्या प्रश्नांवर आधीच्या पिढ्यांनी तोडगे काढून ठेवले आहेत.

आणि आपलं ॲप यशस्वी झालं की नाही, हे तिला पाहायचं असेल, तर मोबाईलकडे बघायचं कारण नाही. ऑक्टोबरातल्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तिसऱ्या खोलीपाशी जाऊन उभं राहावं. शिपाईकाकांनी यादी पाहून कुलूप काढलेलं असेल, दिवे लागलेले असतील आणि आत पहिल्या वर्षाच्या चार मुली फळ्यावर गणित सोडवत बसलेल्या असतील. त्यांना खोली मिळवण्यासाठी कुणाला ओळखावं लागलं नाही, एवढंच पुरे.